हापूसच्या मागणीचे संकेतस्थळ: लोक येतात, पाहतात आणि मागणी न नोंदवता फोन करतात

आमराई_देवगड

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची घरची आंब्याची बाग आहे. सासऱ्यांच्या काळात सगळा माल वाशीला अडत्याकडे जात असे. अलीकडच्या हंगामांत त्यातला काही भाग आम्ही पुणे, मुंबई, नाशिक येथील घरगुती ग्राहकांना थेट पाठवू लागलो आणि त्यासाठी दोन वर्षांपूर्वी एका संस्थेकडून संकेतस्थळ करून घेतले. ते दिसायला सुंदर आहे. वर मोहोराची, बागेची आणि भरलेल्या पेट्यांची अशी तीन मोठी छायाचित्रे एकामागून एक सरकतात. त्याखाली 'आमचा वारसा' हा मजकूर आहे. नंतर 'आमचे ध्येय', 'दालन', 'उत्पादने' आणि 'संपर्क' असे विभाग आहेत. दर पाहायचा असेल तर 'उत्पादने' विभागात जाऊन फळाचा आकार निवडावा लागतो, आणि मागणी नोंदवायची असेल तर आधी खाते उघडून मोबाईलवर आलेला ओटीपी भरावा लागतो.

मार्च ते मे या काळात संकेतस्थळ पाहणारे पुष्कळ असतात, पण तिथे मागणी क्वचितच नोंदवली जाते. लोक तिथून आमचा क्रमांक घेतात आणि फोन करतात. झाडावरून आंबे उतरवणे, प्रतवारी, पेट्या भरणे हे सगळे एकाच वेळी चाललेले असते, आणि त्यातच दिवसभर तेच ते प्रश्न येत राहतात. डझनाचा दर काय, एक फळ केवढे असते, आमच्या गावी पोहोचवता का, किती दिवसांत मिळेल, आंबा पिकलेला येतो की कच्चा, आणि आत खराब निघाला तर काय. फोन सासूबाई घेतात, आणि कोणी काय विचारले ते त्या वहीत लिहून ठेवतात, म्हणून मला हे एवढे नेमके सांगता येते.

संस्थेचे म्हणणे असे की संकेतस्थळ जुने दिसू लागले आहे, त्याला नवे रूप द्यावे आणि वर चित्रफीत लावावी. खर्च मोठा आहे आणि त्याने हा प्रश्न सुटेल अशी माझी खात्री होत नाही. फेब्रुवारी संपण्यापूर्वी काम उरकायला हवे. ज्यांना या क्षेत्राचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे की सुरुवात कोठून करावी.

मांडणीकार

आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सासूबाईंच्या वहीत आधीच लिहिलेले आहे. मी अनेक वर्षे संकेतस्थळांच्या मांडणीचे काम करतो, आणि नवे काम हाती घेताना मालकाकडे पहिल्यांदा हेच मागतो की ग्राहक फोनवर काय विचारतात ते मला ऐकू द्या. बहुतेकांकडे त्याची नोंद नसते. आपल्याकडे ती आहे, आणि तीही ज्या क्रमाने प्रश्न मनात येतात त्याच क्रमाने. तोच क्रम मुखपृष्ठाचा क्रम करावा, एवढे माझे मुख्य सांगणे आहे.

म्हणजे पान उघडताच वर काय दिसावे? हा देवगडचा हापूस आहे आणि तो बागेतून थेट घरी येतो, हे सांगणारे एक वाक्य. एकच छायाचित्र, ज्यात आंबा हातात धरलेला असेल, म्हणजे फळ केवढे ते न सांगता कळेल. त्याखाली दरांचा साधा तक्ता, ज्यात प्रत्येक प्रतीच्या एका फळाचे सुमारे वजन किती, डझनाचा दर किती आणि पेटीत किती डझन बसतात हे शेजारी शेजारी असावे. आपल्याला 'मोठा', 'मध्यम' हे शब्द कळतात, कारण प्रतवारी आपण स्वतः करता. पुण्यातल्या ग्राहकाला मात्र '२५० ग्रॅमच्या आसपास' असे लिहिले तरच अंदाज येतो. 'आमचा वारसा' जरूर ठेवा, तो वाचून विश्वास बसतो, पण त्याची जागा दरांच्या खाली. माणूस आधी दर पाहतो आणि मग विचारतो की हा विकणारा कोण.

सरकणारी छायाचित्रे काढून टाकावीत असे मी आग्रहाने सांगेन. वाचणाऱ्याची नजर एका ओळीवर असताना वरचे काही हलले की लक्ष तिकडे ओढले जाते, आणि दुसरे व तिसरे चित्र येईपर्यंत पुष्कळ लोक खाली सरकलेले असतात. जे त्या तिसऱ्या चित्रावर लिहिले असेल ते लिहिले नाही असेच समजावे.

तिसरा प्रश्न, 'आमच्या गावी पोहोचवता का', हा पिनकोडने सुटतो. दराच्या तक्त्याखालीच सहा अंकांची एक चौकट ठेवावी. पिनकोड भरताच तिथल्या तिथे 'होय, पोहोचवतो. इतके दिवस लागतील. पोहोचवण्याचा खर्च इतका' असे उत्तर मिळावे. आपल्याकडची बरीच संकेतस्थळे ही चौकट अगदी शेवटी, नाव, पत्ता, ईमेल सगळे भरून झाल्यावर दाखवतात, आणि मग 'आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही' असे सांगतात. ज्याने दहा मिनिटे घालवली त्याला हे वाचून काय वाटत असेल याचा विचार करावा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची, हे येथे सांगायचा मोह आवरत नाही. त्या सहा अंकांत पत्त्याचे मोठे काम आधीच झालेले आहे: ४० ते ४४ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्राचा, त्यात ४०३ ने सुरू होणारा गोव्याचा. ग्राहकाकडून पिनकोड एकदा घेतला की जिल्हा आणि राज्य त्याला पुन्हा निवडायला लावू नये.

आता खाते उघडण्याविषयी. वर्षातून एकदा आंबे मागवणाऱ्या माणसाला आपल्याकडे खाते कशासाठी हवे? त्याला आंबे हवे आहेत. नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक आणि किती डझन, एवढे घेऊन मागणी पूर्ण होऊ द्यावी. खाते हवेच असेल तर मागणी झाल्यावर, 'पुढच्या हंगामासाठी पत्ता जपून ठेवू का' असे विचारावे, आणि ती चौकट आधीच खूण केलेली नसावी. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनुसार खरेदीची संमतीही आधीच खूण करून घेता येत नाही. त्याच नियमांत विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवणे, पोहोचवण्याच्या खर्चासह एकूण किंमत एका आकड्यात सांगून तिची फोड दाखवणे, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन ती महिन्याभरात निकालात काढणे हेही आहे. लहान विक्रेत्यांना हे ओझे वाटते. माझ्या अनुभवात मात्र ज्या पानावर हे सगळे स्वच्छ लिहिलेले असते त्याच पानावर अनोळखी माणूस पैसे भरायला धजावतो.

अर्जाची घडण हा तपशिलाचा भाग आहे, पण ग्राहक तिथेच गळतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्रत्येक चौकटीचे नाव चौकटीच्या वर, बाहेर लिहावे. ते चौकटीत फिकट अक्षरांत लिहिले तर टाईप करू लागताच नाहीसे होते आणि आपण काय भरत होतो ते माणूस विसरतो. क्रमांकाच्या चौकटीवर बोट ठेवताच अंकांचा कळफलक उघडावा. मोबाईलमध्ये आधीच साठवलेले नाव आणि पत्ता आपोआप भरता यावेत, त्यासाठी प्रत्येक चौकट कशाची आहे हे ब्राउझरला सांगणारी खूण असते, ती संस्थेने लावली आहे का ते विचारावे. चूक झाली तर सूचना त्या चौकटीच्या खालीच, मराठीत आणि उपायासह असावी: 'मोबाईल क्रमांकात नऊच अंक आहेत, एक राहिला आहे.' चुकीमुळे बाकीचा भरलेला मजकूर पुसला जाऊ नये. आणि एक गोष्ट मराठी संकेतस्थळांसाठी खास: मराठी कळफलक वापरणारा माणूस अंकही देवनागरीत लिहितो. '४१६'पासून सुरू होणारा पूर्ण पिनकोड असा मराठी अंकांत लिहिला की अर्ज 'चुकीचा पिनकोड' म्हणतो, आणि माणसाला कळत नाही की आपला बरोबर पिनकोड चुकीचा कसा. दोन्ही प्रकारचे अंक आणि मध्ये सोडलेली जागा स्वीकारणे हे प्रोग्रॅमरचे अर्ध्या तासाचे काम आहे.

चित्रफितीवर खर्च करू नये. बाकीचे आपण काय ठरवता ते कळवावे.

श्रवणवाचक

मला दिसत नाही. संगणकावर मी एनव्हीडीए आणि मोबाईलवर टॉकबॅक वापरतो. दोन्ही स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतात. आंबे दरवर्षी मागवतो, म्हणून या चर्चेत ग्राहक म्हणून लिहीत आहे.

आंबा विकणाऱ्यांच्या संकेतस्थळांवर मला सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे दरपत्रक हे चित्र असते. हंगामात दर बदलतात, म्हणून कोणीतरी तो फलक सजवून तयार करतो आणि चित्र म्हणून चढवतो. डोळस माणसाला तो वाचता येतो. मला मात्र तिथे फक्त 'चित्र' एवढे, किंवा त्या फाइलचे लांबलचक नाव अंकांसह ऐकू येते. आपण आपले दरपत्रक कसे चढवले आहे ते पाहावे. शिवाय काही ठिकाणी मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये असतो. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे डोळ्यांना 'हापूस' दिसत असला तरी वाचक प्रणालीला रोमन अक्षरांची निरर्थक ओळ मिळते. शोधयंत्रालाही तेच मिळते, म्हणजे जो 'देवगड हापूस' असे मराठीत शोधतो त्याला ते पान सापडतच नाही.

पान मराठीत आहे हे पानाच्या सांगाड्यात लिहिलेले असावे. भाषेचा संकेत इंग्रजीचा ठेवला तर यंत्र मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू पाहते किंवा गाळून टाकते. बटणांची नावे त्या त्या कामाची असावीत. मी पानावरची बटणे एकामागून एक ऐकतो; त्यात 'येथे दाबा, येथे दाबा, अधिक वाचा, येथे दाबा' असे ऐकू आले तर कोणत्या बटणाने मागणी नोंदवली जाते हे कळायला मार्ग राहत नाही. 'दोन डझन मागवा' असे असले की प्रश्न मिटला. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारी तपासणी चौकट लावू नये; ती आम्हाला दाराबाहेर ठेवते. ओटीपीची मुदत तीस सेकंद असेल तर संदेश ऐकून, परत येऊन, चौकट शोधून तो भरेपर्यंत मुदत संपते.

डोळ्यांना थोडे दिसणाऱ्यांसाठी, आणि उन्हात मोबाईल पाहणाऱ्या प्रत्येकासाठी, रंगांचा भेद महत्त्वाचा आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारण आकाराच्या अक्षरांसाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ एवढा भेद सांगितला आहे. आंब्याच्या संकेतस्थळावर पांढऱ्यावर पिवळी अक्षरे लिहिण्याचा मोह होतो आणि ती या कसोटीला उतरत नाहीत. याच तत्त्वांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तीत बोटाने दाबायच्या जागेचा किमान आकारही ठरवलेला आहे.

हे उपकार म्हणून करावे असे मी म्हणत नाही. मी पैसे देऊन आंबे घेणारा ग्राहक आहे, आणि मला भाच्याला फोन न करता ते घेता यावेत एवढीच इच्छा आहे.

समुद्रकाठ_गुहागर

माझे मत थोडे निराळे आहे आणि ते मी स्वानुभवावरून मांडतो. गुहागरजवळ आमची घरगुती निवासव्यवस्था आहे, पाच खोल्या. आम्ही संकेतस्थळावर खोल्यांची नोंदणी आणि पैसे भरण्याची सोय केली होती, ती बंद केली आणि व्हॉट्सॲपचे बटण ठेवले. आपल्याकडच्या माणसाला बोलून खात्री करायची असते. तो सगळे वाचूनसुद्धा विचारतोच. तेव्हा देवगडच्या ताईंनी मोठ्या दुरुस्त्यांत न पडता दर आणि व्हॉट्सॲप एवढेच ठेवावे, असे मला वाटते.

पैसे भरण्याबाबत एक चूक आम्ही केली होती ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती होणार नाही. आम्ही पैसे भरण्याच्या पानावर यूपीआयचा क्यूआर कोड लावला होता. संगणकावर ते ठीक होते. पण येणारे जवळजवळ सगळे मोबाईलवरून येत, आणि ज्या मोबाईलवर कोड दिसतो त्याच मोबाईलने तो टिपायचा कसा? लोक त्याचे चित्र साठवून, ॲप उघडून, ते चित्र तिथे शोधत बसत, किंवा कंटाळून सोडून देत. मोबाईलवर थेट यूपीआय ॲप उघडणारे बटण हवे, रक्कम आधीच भरलेली हवी, आणि पैसे पोहोचले हे संकेतस्थळानेच सांगायला हवे. आमच्या पाहुण्यांना पैसे भरल्यावर परत फोन करून विचारावे लागे की मिळाले का. हेच पाहून आम्ही ती सोय काढली.

दूरदेशी_लेक

मी अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहते आणि दरवर्षी साताऱ्याला आई-बाबांसाठी आंबे पाठवते. वरच्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण व्हॉट्सॲपवर संवाद सुरू करायचा तर माझी रात्र आणि बागायतदारांची सकाळ यांचा मेळ घालावा लागतो, आणि काढणीच्या दिवसांत उत्तर यायला वेळ लागतो हे मी समजू शकते. मला रात्री दहा वाजता, घरातली कामे आटोपल्यावर, कोणाला न विचारता मागणी पूर्ण करायची असते.

माझ्यासारख्या ग्राहकांची अडचण फार छोटी आहे, पण तिच्यामुळे सगळे अडते. अर्जात एकच मोबाईल क्रमांक असतो आणि तो भारतातलाच लागतो. माझा क्रमांक परदेशी. तिथे आईचा क्रमांक दिला तर ओटीपी तिच्याकडे जातो, आणि सत्तरीतल्या माझ्या आईला अनोळखी संदेशातला क्रमांक कोणालाही सांगू नये असे मीच बजावून ठेवलेले आहे. 'मागणी करणारा' आणि 'आंबे घेणारा' या दोन व्यक्ती वेगळ्या असू शकतात एवढे अर्जाला कळले तर पुरे. पैसे भरल्याची पावती मला ईमेलने यावी आणि गाडी केव्हा येणार याचा संदेश आईला मराठीत जावा. ज्या विक्रेत्याने हे करून ठेवले आहे त्याच्याकडून मी गेली काही वर्षे दर न पाहता मागवते.

मांडणीकार

गुहागरच्या स्नेह्यांचे म्हणणे त्यांच्या व्यवसायापुरते योग्य आहे. पाच खोल्यांच्या घरी कोण राहायला येणार हे मालकालाही जाणून घ्यायचे असते, तिथे बोलणे हाच सेवेचा भाग आहे. आंब्याच्या पेटीचे तसे नाही. तिथे हंगाम अडीच-तीन महिन्यांचा, प्रश्न ठरलेले आणि फोन घेणारे माणूस एकच. व्हॉट्सॲपचे बटण अवश्य ठेवावे, पण ते दाबताच संदेशात 'पिनकोड अमुक, दोन डझन, २५० ग्रॅमची प्रत' असे ग्राहकाने पानावर निवडलेले सगळे आपोआप लिहिलेले असावे, म्हणजे सासूबाईंना पहिले चार प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

वेगाविषयी मी आधी लिहायला विसरलो. गूगलच्या निकषांत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर तो चांगला धरतात, आणि दाबल्यावर पानाने प्रतिसाद द्यायला २०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये असे म्हणतात. पेजस्पीड इनसाइट्स हे त्यांचे विनामूल्य साधन आहे. त्यात आपला पत्ता घातला की मोबाईलचा आणि संगणकाचा निकाल वेगवेगळा मिळतो. मोबाईलचाच पाहावा. कॅमेऱ्यातून निघालेले छायाचित्र जसेच्या तसे चढवलेले असते आणि बहुधा तेच दोषी निघते. ते पडद्याच्या आकाराएवढे करून वेबपी स्वरूपात ठेवले की वजन कितीतरी उतरते. छायाचित्राची उंची-रुंदी आधी सांगितलेली नसेल तर ते उशिरा येऊन खालचा मजकूर ढकलते, आणि 'मागवा' दाबायला गेलेले बोट भलत्याच ठिकाणी पडते. वाचणाऱ्याला वाटते आपलीच चूक झाली.

देवनागरीसाठी दोन गोष्टी संस्थेला मुद्दाम सांगाव्यात, कारण मांडणीचे तयार साचे रोमन लिपीसाठी बनवलेले असतात. शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवण्याची त्यांत पद्धत असते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ते अंतर शून्य करावे. दुसरे, आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात, म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी अधिक ठेवावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. मुंबईच्या एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेला 'मुक्ता' हा फॉन्ट विनामूल्य आहे आणि मोबाईलवर लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे: काहीही बदलण्यापूर्वी चार-पाच माणसांना आपल्यासमोर बसवून, त्यांच्याच मोबाईलवर, 'दोन डझन आंबे आपल्या घरच्या पत्त्यावर मागवा' एवढेच सांगावे आणि गप्प बसून पाहावे. याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितावरून असे म्हटले जाते की पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. तो आकडा प्रत्येक ठिकाणी जसाच्या तसा लागू होईल असे नाही, पण माझ्या कामात पहिल्या तिघांनीच मला इतके शिकवले आहे की चौथा येईपर्यंत दुरुस्त्यांची यादी भरलेली असते. मदत करू नये, हे मात्र कटाक्षाने पाळावे. जिथे आपल्याला सांगावेसे वाटते तिथेच संकेतस्थळ कमी पडलेले असते.

आमराई_देवगड

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. गेल्या पंधरा दिवसांत जे केले ते सविस्तर कळवते.

आधी चाचणी घेतली. शेजारच्या वहिनी, आमच्या टेम्पोचे चालक, पुण्याहून आलेली नणंद आणि गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असे चौघे होते. मी गप्प बसून पाहिले, आणि ते फार कठीण गेले. गुरुजी पहिल्या पानावर सहा मिनिटे होते. वारसा, ध्येय सगळे त्यांनी मन लावून वाचले आणि मग विचारले, 'विकत घ्यायचे कुठे?' 'उत्पादने' या शब्दाखाली आंबे असतील हे त्यांच्या मनात आलेच नाही, कारण उत्पादने कारखान्यात होतात. वहिनींनी दोन डझन निवडले, पण वरच्या कोपऱ्यातल्या ढकलगाडीच्या छोट्या चित्रावर दाबायचे असते हे त्यांना उमगले नाही, त्यामुळे त्यांनी पुन्हा दोन डझन निवडले, आणि पुन्हा. नणंदेला सगळे जमले, ती ओटीपीपर्यंत गेली, आणि आमच्या गावात रेंज कमी असल्याने तो आलाच नाही. चालक दादांनी पिनकोड मराठी अंकांत लिहिला. पुढे काय झाले ते मांडणीकारांनी आधीच लिहून ठेवले आहे. चौघांनीही मला 'आम्हाला यातले कळत नाही हो' असे म्हटले, आणि ते ऐकून मला वाईट वाटले, कारण त्यांचे काहीच चुकले नव्हते.

दरपत्रक चित्रच होते. मी स्वतः ते करून चढवत असे.

आता विभागांची नावे बदलली आहेत: 'दर आणि मागणी', 'आंबे कसे पोहोचतात', 'आंबा कसा पिकवावा', 'आमची बाग', 'फोन आणि पत्ता'. छायाचित्र एकच ठेवले असून त्यात सासूबाईंच्या तळहातावर फळ आहे. दरांचा तक्ता मजकुरात आहे आणि तो मला मोबाईलवरून बदलता येतो. ढकलगाडी काढून 'दोन डझन मागवा' असे बटण ठेवले आहे. खाते नाही, ओटीपी नाही. मागणी करणाऱ्याचा आणि आंबे घेणाऱ्याचा असे दोन क्रमांक आहेत आणि पहिला परदेशी चालतो. मोबाईलवर क्यूआर कोडऐवजी थेट यूपीआय ॲप उघडते. हापूसला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाची माहिती 'आमची बाग' मध्ये दोन ओळींत दिली आहे. संस्थेने हे काम आधी सांगितलेल्या खर्चापेक्षा बऱ्याच कमी पैशांत करून दिले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. नेमके काय हवे हे मलाच आधी सांगता येत नव्हते.

वहीतला शेवटचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड गेला. आत खराब निघाला तर काय? हापूसमध्ये साका असू शकतो. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आतला थोडा गर पांढरट आणि आंबट निघतो, आणि ते आम्हालाही बाहेरून ओळखता येत नाही. आजवर हे आम्ही लिहीत नव्हतो, कारण लिहिले तर गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती होती. फोनवर विचारले तरच सांगायचे. सासूबाई म्हणाल्या, जे फोनवर सांगतो ते तिथे लिहायला काय हरकत आहे. म्हणून दरांच्या तक्त्याखाली त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे: 'क्वचित एखाद्या फळात साका निघतो, तो बाहेरून कळत नाही. कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत देऊ. फळ परत पाठवायची गरज नाही.' आणि त्याखाली, आंबा कच्चा येतो, तो पेंढ्यात ठेवून घरच्या हवेत पिकू द्यावा, पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नये, हेही.

श्रवणवाचक यांना एक विनंती आहे. नवे पान अजून सर्वांसाठी खुले केलेले नाही. आपल्याला दुवा खासगी संदेशाने पाठवला आहे; सवडीने ऐकून पाहाल का?

श्रवणवाचक

टॉकबॅकवर ऐकले. दरांचा तक्ता ओळीने नीट वाचला जातो, प्रत्येक आकड्याआधी प्रत आणि वजनही ऐकू येते. पिनकोड भरल्यावर आलेले उत्तर आपोआप बोलले गेले नाही. ते उमटले आहे हे मला बोट फिरवून शोधावे लागले. उत्तर येताच ते वाचले जावे अशी खूण त्या जागेला लावता येते, संस्थेला सांगावे. छायाचित्राचे वर्णन सध्या फक्त 'आंबा' आहे. तिथे 'तळहातावर मावणारा पिकलेला हापूस' असे लिहिले तर मलाही फळ केवढे ते कळेल. बाकी मागणीच्या शेवटापर्यंत मी एकट्याने पोहोचलो. पैसे भरण्याचे बटण तेवढे दाबले नाही, कारण आंबे अजून झाडावर आहेत.

आमराई_देवगड

दोन्ही दुरुस्त्या आज सकाळी संस्थेला कळवल्या आहेत. पहिली काढणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित आहे. पान त्याआधी खुले करू आणि आपल्याला कळवू.